निवृत्तिवेतन आणि महागाई : एका हक्काची वाटचाल



वसंतात व्याख्यानमालेचा मांडव पडला की संत, कवी, लढाया आणि थोर पुरुष यांच्यावर बोलावे, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. मी आज पेन्शनीतल्या महागाईवर बोलणार आहे. विषय रुक्ष आहे, हे मी जाणून आहे. परंतु सोनाळ्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातही पेन्शनीवर चूल पेटवणारी घरे थोडी नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळांतून निवृत्त झालेले गुरुजी आहेत, जंगल खात्यातले जुने रक्षक आहेत, टपाल वाटलेले आहेत, एस.टी.त तिकिटे फाडलेले आहेत; आणि यांच्यापैकी कित्येकांच्या मागे राहिलेल्या त्यांच्या बायका आहेत. बँकेच्या एकाच रांगेत उभ्या असलेल्या या माणसांची पासबुके पाहिली तर एकाची रक्कम दर सहा महिन्यांनी थोडी तरी हलते, आणि दुसऱ्याची दहा वर्षांत एका रुपयाने हललेली नसते. तेल, तूरडाळ आणि रक्तदाबाची गोळी मात्र दोघेही एकाच भावाने घेतात. असे का व्हावे, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळत नाही. तेथे फक्त निकाल असतो. कारण पाहावयाचे तर इतिहासात शिरावे लागते.

मी पदवीधर नाही. संघटनेच्या कामासाठी वेतन आयोगांचे अहवाल, न्यायालयांचे निवाडे आणि शासनाचे निर्णय वाचावे लागले. तेवढाच माझा अभ्यास. तेव्हा जे सांगतो ते एका कामगार कार्यकर्त्याच्या नजरेतून सांगतो, हे आपण ध्यानात ठेवावे.

आधी नावाचा घोळ दूर करू. नोकरीत असलेल्याला मिळतो तो महागाई भत्ता. निवृत्त माणसाला मिळते तिला आपल्या राज्याचे शासननिर्णय ‘महागाई वाढ’ म्हणतात. हे नाव मला कधीच पटलेले नाही. समजा, पेन्शन सुरू झाली त्या वर्षी तिच्यात दोन पोती ज्वारी येत होती आणि दहा वर्षांनी त्याच पैशांत एकच पोते येऊ लागले. तर या दहा वर्षांत सरकारने पेन्शन निम्मी केली, असेच म्हटले पाहिजे. त्यासाठी हुकूम निघाला नाही, कोणाची सही झाली नाही, वर्तमानपत्रात ओळ आली नाही. पण कपात झाली. ती कपात भरून काढणे ही वाढ नव्हे, भरपाई होय. कामगारांच्या अखिल भारतीय निर्देशांकाच्या जुन्या-नव्या मालिका सरकारनेच ठरविलेल्या गुणकांनी एकमेकींस जोडल्या, तर १९६० साली जो बाजार १०० रुपयांत येत होता त्याला २०२५ च्या जूनमध्ये सुमारे साडेनऊ हजार रुपये पडत होते. रुपया जागच्या जागी ठेवला म्हणजे माणूस किती मागे जातो, हे यावरून कळेल.

पेन्शन ही मुळात मर्जीची वस्तू होती. याच सातपुड्याच्या रांगेत, असीरगडाच्या परिसरात, जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव जॉन माल्कमला शरण आला आणि सालाना आठ लाखांचा तनखा घेऊन बिठूरला गेला. पुढे तेहतीस वर्षे तो जगला. रक्कम तीच राहिली. आणि १८५१ च्या जानेवारीत तो वारला तेव्हा कंपनीने नानासाहेबाला साफ सांगितले की, तनखा त्याच्यापुरता होता, तुमचा काही संबंध नाही. आठ लाखांच्या तनख्याबद्दल अश्रू ढाळण्याचे मला कारण नाही. पण या एका प्रकरणात तीन गोष्टी स्पष्ट दिसतात: रक्कम एकदा ठरली ती ठरली, देणाराच मालक, आणि घेणारा गेला की मागच्यांचा हक्क संपला. पट्टेवाल्याच्या आणि कारकुनाच्या पेन्शनीलाही पुढे शंभर वर्षे हेच तीन नियम लागू राहिले. १८७१ च्या पेन्शन कायद्याने तर पेन्शनीचा दावा दिवाणी कोर्टात चालवायचा तर आधी कलेक्टरचा दाखला आणा, अशी अट घातली. ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याचकडून परवानगी!

महागाईच्या भरपाईची कल्पना मात्र सरकारी कचेरीत जन्माला आलेली नाही. ती मुंबईच्या गिरणगावात जन्मली. पहिल्या महायुद्धात धान्याचे भाव चढले तेव्हा १९१७ साली गिरणीमालकांनी पगारावर महागाई भत्ता द्यायला सुरुवात केली. ती दया नव्हती; कामगार टिकेना, संपाची हवा तापू लागली, म्हणून दिला. मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कचेरी उघडली आणि जुलै १९१४ चे भाव १०० धरून मुंबईच्या श्रमजीवी कुटुंबाचा निर्देशांक काढण्यास आरंभ केला. दुसरे महायुद्ध सुरू होताच तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९४० च्या मार्चमध्ये मुंबईच्या गिरण्या महागाईसाठी बंद पडल्या. त्याच वर्षी जी.आय.पी. रेल्वेच्या कामगारांच्या मागणीवर बेनेगल नरसिंग राव यांचे चौकशी न्यायालय बसले. ही जी.आय.पी. म्हणजे आपलीच, मलकापूर-नांदुरा-जलंब-शेगाववरून नागपूरला जाणारी. तेव्हा हा सगळा इतिहास परळ-लालबागचाच आहे असे कोणी समजू नये.

आता यातली ग्यानबाची मेख पाहा. गिरणीवाला भोंगा वाजला तरी आत जात नव्हता, म्हणून त्याला महागाई मिळाली. रेल्वेवाल्याने हात आखडला तर गाडी थांबते, म्हणून त्याच्यासाठी न्यायाधीश बसला. पेन्शनर काय थांबवणार? त्याने उद्यापासून पेन्शन घेणार नाही म्हटले तर तिजोरीला आनंदच होईल. संपाचे हत्यार ज्याच्या हातातून निवृत्तीच्या दिवशी काढून घेतले जाते, त्याचा हा प्रश्न. पुढचे सगळे या एका गोष्टीवरून समजते.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, मे १९४७ मध्ये, न्या. वरदाचारियर यांच्या पहिल्या वेतन आयोगाने सर्वांत खालच्या कर्मचाऱ्यास ३० रुपये पगार आणि २५ रुपये महागाई सुचविली. पगाराच्या जवळजवळ बरोबरीने महागाई! यावरून युद्धाने भाव कोठे नेले होते हे कळते. परंतु जो १९४० साली निवृत्त झाला होता त्याचे काय? त्याची पेन्शन युद्धापूर्वीच्या पगारावर बसलेली. लहान पेन्शनरांना ‘तात्पुरती वाढ’ या नावाखाली अधूनमधून चार रुपये मिळाले, पण त्याला ना मोजमाप होते ना मुदत. सरकारच्या मनात आले की वाढ. दुसरा वेतन आयोग १९५९ साली आला. त्याच्या निवाड्यावर असंतुष्ट होऊन केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी जुलै १९६० मध्ये पाच दिवसांचा संप केला, तो वटहुकुमाने आणि अटकांनी मोडला गेला. त्याही झगड्यात पेन्शनर कडेलाच उभा होता.

परदेशांतही हे सहजासहजी झालेले नाही. अमेरिकेत आयडा मे फुलर नावाच्या बाईला जानेवारी १९४० मध्ये सामाजिक सुरक्षेच्या पेन्शनीचा पहिला मासिक धनादेश मिळाला, साडेबावीस डॉलरचा. पुढे दहा वर्षे, मध्ये अख्खे महायुद्ध होऊन गेले तरी, तो साडेबावीसच राहिला. १९५० मध्ये कायदा बदलून तो एकेचाळीसच्या वर गेला. निर्देशांकाबरोबर आपोआप वाढ होण्याची व्यवस्था तेथे १९७५ च्या मध्यास सुरू झाली. त्याच वर्षी जानेवारीत बाई शंभर वर्षांच्या होऊन वारल्या होत्या. पश्चिम जर्मनीने १९५७ मध्ये पेन्शनीची सांगड चालू मजुरीशी घातली. ब्रिटनमध्ये सरकारी निवृत्तांसाठी वाढीचा पहिला कायदा १९२० चा आहे, पण नियमित फेरविचार १९७१ च्या कायद्याने आला. तात्पर्य, श्रीमंत देशांतही म्हाताऱ्यांना अर्धे शतक थांबावे लागले.

आपल्याकडे पेन्शनरासाठी भावाला बांधलेले पहिले मोजमाप तिसऱ्या वेतन आयोगाने १९७३ साली दिले. निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी १६ अंकांनी वर गेली की पेन्शनीच्या शेकडा पाच मदत; पाच रुपयांहून कमी नाही, पंचवीसहून जास्त नाही. तत्त्व मोठे होते. माप मात्र आखूड होते. निर्देशांक त्या वेळी २०० धरलेला. २०० वर १६ म्हणजे भाव शेकडा आठांनी वाढले, आणि भरपाई पाचांची. तरीसुद्धा मी त्या आयोगाला मान देतो, कारण ‘मनात आले की’ या शब्दांच्या जागी प्रथमच आकडा आला. आकडा एकदा आला की त्यावर भांडता येते.

आकड्यावर भांडण म्हणजे काय, याचा धडा महाराष्ट्रातच मिळालेला होता. १९६३ साली मुंबईच्या कामगारांनी आवाज उठविला की, बाजारात भाव भडकले असताना निर्देशांक वर का सरकत नाही? शहर बंद झाले. सरकारला प्रा. लकडावाला यांची समिती नेमावी लागली, आणि निर्देशांक काढण्याच्या पद्धतीतच दोष आहेत, असे त्या समितीला आढळले. चूक सुधारली गेली आणि महागाई भत्ता वाढला. अर्थशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ न वाचलेल्या बाया-बापड्यांना किराणा दुकानात जे कळले, ते कचेरीतल्या तक्त्यात उतरले नव्हते.

तोच प्रश्न आजही आहे. पेन्शनराची महागाई ज्या निर्देशांकावर चालते तो औद्योगिक कामगाराच्या कुटुंबाचा आहे. २०१६ च्या मालिकेत त्यात खाण्यापिण्याचे वजन शंभरात ३९ च्या आसपास आहे. आधीच्या मालिकेत ते ४६ होते. पान-सुपारी-तंबाखू आणि नशापाणी यांना मिळून दोनच्या वर वजन आहे. औषधपाणी किरकोळ खर्चाच्या मोठ्या गाठोड्यात शिक्षण, प्रवास, करमणूक यांच्याबरोबर बांधलेले. पंचाहत्तरीच्या माणसाचे खर्चाचे गाठोडे असे असते काय? त्याची तंबाखू सुटलेली असते, सिनेमा सुटलेला असतो आणि गोळ्यांची पुडी दर महिन्याला जाड होत असते. अमेरिकेत वृद्धांचा वेगळा निर्देशांक १९८० च्या दशकापासून प्रयोगादाखल काढतात. पेन्शन मात्र तेथेही त्यावर वाढत नाही. आपल्याकडे तो प्रयोगही नाही. भाव गोळा करण्याची देशातली केंद्रे ८८, आणि बुलढाणा जिल्ह्यात त्यांपैकी एकही नाही. असो.

राज्याच्या कर्मचाऱ्यांची कथा निराळी आहे. केंद्राचा टपालवाला आणि राज्याचा तलाठी एकाच गावात, एकाच दुकानातून साखर नेतात. पण महागाई दोघांची वेगळी होती. ‘केंद्राप्रमाणे महागाई’ या दोन शब्दांसाठी १४ डिसेंबर १९७७ पासून महाराष्ट्रातील सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. र. ग. कर्णिक यांचे नेतृत्व होते. संप चौपन्न दिवस चालला. दोन पगार बुडाले, घरातले दागिने गहाण पडले. संप मागे घेतला त्या दिवशी हातात काही पडले नव्हते, आणि पुष्कळांनी तो फसला असेच मानले. पण पुढे सरकार बदलले आणि केंद्राच्या दराचे तत्त्व राज्याला स्वीकारावे लागले. आज जिल्हा परिषदेचे निवृत्त गुरुजी जी महागाई वाढ घेतात, तिचा पाया त्या चौपन्न दिवसांत घातला गेला. ज्यांनी पगार बुडविला ते तेव्हा नोकरीत होते. फळ त्यांना म्हातारपणी मिळाले. संघटनेचे पैसे भरताना नाक मुरडणाऱ्या तरुणांना मी हे नेहमी सांगतो, आणि ते नेहमी घड्याळाकडे पाहतात.

संप करू न शकणाऱ्यांना दुसरी वाट उरली ती न्यायालयाची. १९७१ साली, म्हणजे त्या जुन्या पेन्शन कायद्याला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे. यापुढची पायरी ‘नकारा’ खटल्याची. केंद्र सरकारने २५ मे १९७९ रोजी पेन्शनीचे नवे, उदार सूत्र काढले, पण ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांपुरते. म्हणजे ३० मार्चला निवृत्त झालेला म्हातारा आणि ३१ मार्चला झालेला म्हातारा यांच्यात भिंत! डी. एस. नकारा हे संरक्षण खात्याचे निवृत्त वित्त अधिकारी न्यायालयात गेले. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड अध्यक्षस्थानी होते, न्या. तुळजापूरकरही पीठावर होते, आणि निकालपत्र न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिले. पेन्शन ही केलेल्या कामाची मागाहून मिळणारी मजुरी आहे, आणि महागाईचा चटका निवृत्तीची तारीख पाहून बसत नाही, हा त्यातला गाभा. सगळे पेन्शनर एक वर्ग ठरले. पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर हा दिवस पाळतात तो यासाठी.

यापुढची शिडी झपाट्याने चढली गेली. चौथ्या वेतन आयोगाने, १९८६ च्या सुमारास, लहान पेन्शनीवर पूर्ण आणि मोठ्या पेन्शनीवर उतरत्या प्रमाणात भरपाई दिली. पाचव्याने १९९६ पासून लहान-मोठा भेद काढला. सहाव्याने ऐंशीच्या पुढच्या वयाला चढती जादा पेन्शन जोडली. सातव्याने किमान पेन्शन ९,००० केली. जुलै २०२५ पासून तिच्यावर केंद्राची महागाई शेकडा ५८ होती.

पण या शिडीवर एक माणूस नेहमी खालच्या पायरीवर राहिला, आणि तो म्हणजे मृत कर्मचाऱ्याची बायको. १९५० पूर्वी सामान्य मुलकी नोकराच्या विधवेला नियमित पेन्शन अशी नव्हतीच. कामावर अपघाती मरण आले तर गोष्ट वेगळी. १९५० च्या नियमांनी कुटुंबाला काही दिले, पण ठराविक वर्षांपुरते. जणू ठराविक वर्षांनंतर विधवेला भूक लागत नाही! जन्मभराची कुटुंब पेन्शन १ जानेवारी १९६४ पासून आली, आणि तीही फुकट नव्हे. कर्मचाऱ्याने आपल्या उपदानातून दोन महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम तिच्यासाठी सोडायची. ज्यांचे नवरे त्याआधीच निवृत्त झाले वा वारले, त्यांना काहीच नाही. सप्टेंबर १९७७ मध्ये ही वर्गणीची अट गेली, पण जुन्या विधवा बाहेरच राहिल्या. त्यांपैकी पूनमल नावाच्या बाईंच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली त्यांना आत घेतले. १९६४ ते १९८५, एकवीस वर्षे. नवऱ्याच्या पेन्शनीचा हक्क १९७१ साली मान्य झाला. तिच्यापर्यंत तो यायला आणखी चौदा वर्षे लागली, आणि तोवर त्या विधवांपैकी किती उरल्या असतील, याचा अंदाज आपणच करावा.

महागाईच्या बाबतीतही तिला वेगळा न्याय लागला. नवरा नोकरीत असता गेला, घर चालावे म्हणून अनुकंपेने बायकोला नोकरी मिळाली, तर नियम असा की कुटुंब पेन्शन चालू राहील, पण त्यावरची महागाई बंद. कारण काय? तर तिला पगारावर महागाई मिळतेच. वासुदेवन पिल्ले खटल्यात डिसेंबर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा नियम उचलून धरला. न्यायालयाचा मान राखून मी एवढेच म्हणेन की, हिशेब चुकला. पगार ही तिच्या कामाची मजुरी. कुटुंब पेन्शन ही नवऱ्याच्या कामाची. दोन माणसांच्या मजुरीला महागाई एकदाच लागते, हे गणित कोणत्या शाळेतले? पाचव्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून १८ जुलै १९९७ पासून केंद्राने हा नियम सोडून दिला. न्यायालयात हरलेली गोष्ट आयोगाच्या टेबलावर मिळाली, असेही कधी कधी होते.

आणि मिळालेले परत जातही असते. २३ एप्रिल २०२० रोजी, साथीच्या दिवसांत, केंद्राने महागाईचे तीन हप्ते गोठविले. जुलै २०२१ मध्ये दर १७ वरून एकदम २८ वर गेला, परंतु मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी दिली नाही. नोकरीतला माणूस पुढच्या पगारात कसेबसे भरून काढतो. त्या अठरा महिन्यांत जे म्हातारे गेले, त्यांची कपात कायमची झाली.

आता मी रांगेतल्या त्या दुसऱ्या पासबुकाकडे वळतो, कारण माझे बरेचसे आयुष्य त्या पासबुकांत गेले आहे.

आपल्या देशात पेन्शनरांच्या दोन जाती आहेत: तिजोरीतून पेन्शन घेणारे, आणि निधीतून घेणारे. ही वाटणी जुनी. रेल्वेतही १९५७ पर्यंत भविष्यनिर्वाह निधी होता, पेन्शन नव्हती. तेव्हा पर्याय विचारला गेला आणि पुष्कळांनी हातात येणारी रोख रक्कम पसंत केली. ती रक्कम लग्नात, घराच्या कौलांत गेली; महागाई राहिली. नकाराच्या आधारे ते न्यायालयात गेले तेव्हा कृष्णकुमार खटल्यात, १९९० साली, उत्तर मिळाले की तुम्ही वेगळा वर्ग आहात. म्हणजे तारखेची भिंत पाडली, निधीची भिंत तशीच राहिली.

त्या भिंतीपलीकडे आज सर्वांत मोठा जमाव आहे तो कर्मचारी पेन्शन योजना १९९५, म्हणजे ‘ईपीएस पंच्याण्णव’वाल्यांचा. एस.टी.चे चालक-वाहक, साखर कारखान्यांचे, सूतगिरण्यांचे, सहकारी बँकांचे, महामंडळांचे निवृत्त. एस.टी. कोणाची, असे खेड्यात विचारा. सरकारची, असेच उत्तर येईल. पण पेन्शनीपुरती ती सरकारची नाही. ऑक्टोबर २०२१ पासून सुमारे साडेपाच महिने एस.टी. कर्मचाऱ्यांनी विलीनीकरणासाठी संप केला, तेव्हा शहरातल्या लोकांना ती मागणी चमत्कारिक वाटली. तिच्या पोटात, इतर गोष्टींबरोबर, हीच भिंत होती.

योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. मालकाच्या वर्गणीतले शेकडा ८.३३ आणि केंद्राचे १.१६, त्यातून निधी. वेतन कितीही असो, हिशेबाला ठराविक मर्यादेपर्यंतच धरायचे. ती आधी ५,०००, मग ६,५००, आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. पेन्शनीचे सूत्र : हिशेबाचे वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. एक उदाहरण करू. मर्यादा ६,५०० असताना निवृत्त झालेल्या वाहकाची हिशेबातली सेवा सवलतीची वर्षे धरून वीस भरली. पेन्शन होते १,८५७ रुपये. तो गेला की बायकोला निम्मी, म्हणजे ९२८. सप्टेंबर २०१४ पासून किमान १,००० ची मर्यादा घातली म्हणून तिला बहात्तर रुपये जास्त. या हजारावर महागाई नाही. निर्देशांकाने मोजले तर २०१४ च्या त्या हजाराची किंमत २०२५ च्या मध्यास साधारण सहाशे रुपयांवर आली होती. त्याच दिवशी केंद्राच्या पट्टेवाल्याच्या विधवेची किमान कुटुंब पेन्शन, महागाई धरून, १४,२२० रुपये होती. ती जास्त आहे असे मी मुळीच म्हणत नाही. तेवढीच जगायला लागते. प्रश्न हजाराचा आहे.

योजनेत दर वर्षी निधीचे मूल्यमापन करून वाढ देण्याची सोय लिहिलेली आहे, आणि सुरुवातीच्या थोड्या वर्षांत थोडी वाढ दिलीही. पुढे निधीत तूट असल्याचे कारण दाखवून ती थांबली. राज्यसभेच्या याचिका समितीने, भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखाली, २०१३ साली किमान तीन हजारांची शिफारस केली. हे कोश्यारी पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले. त्यांची शिफारस मात्र आहे तेथेच राहिली.

आमच्या कचेरीत नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी या बायका येतात. बोटांचे ठसे झिजलेले असतात. आयुष्यभर धुणी-भांडी, निंदण-खुरपण केलेली बोटे यंत्र ओळखत नाही. यंत्राने ओळखले नाही की बाई हयात नाही. दोन-दोन, तीन-तीन खेपा होतात. एका म्हातारीने मला विचारले, ‘भाऊ, हजारातले दोनशे भाड्यातच जातात, मग जिती असल्याचं सांगू तरी कशाला?’ मी तिला चहा पाजला आणि यंत्र पुन्हा लावले. उत्तर माझ्यापाशी नव्हते.

हा प्रश्न देशभर नेणारे आंदोलन आपल्याच जिल्ह्याच्या गावी उभे राहिले, ही गोष्ट सोनाळ्याच्या तरुणांना कदाचित ठाऊक नसेल. कमांडर अशोक राऊत यांच्या राष्ट्रीय संघर्ष समितीने २४ डिसेंबर २०१८ पासून बुलढाण्यात साखळी उपोषण आरंभिले. आज हे चार, उद्या ते पाच, असे पासष्ट-सत्तरीचे लोक पाळीपाळीने बसत. हजारावर दिवस ही साखळी चालली. मागणी महिन्याला साडेसात हजार आणि त्यावर महागाई, पती-पत्नीस औषधोपचार. मार्च २०२० मध्ये खासदार हेमा मालिनी यांच्यासह समितीची मंडळी पंतप्रधानांना भेटली. मी संप चालविणारा माणूस. साखळी उपोषण हे मला नेहमी दुबळे हत्यार वाटत आले. पण ज्यांच्या हातात यंत्र नाही, गाडी नाही, कचेरी नाही, त्यांनी आपले म्हातारे शरीरच रस्त्यावर आणून बसविले. त्यांच्याजवळ थांबवण्यासारखे एवढेच होते, स्वतःचे जेवण.

सरकारचे संसदेतील उत्तर ठरलेले आहे : ही योजना निधीवर चालते, निधीत तूट आहे, महागाई जोडता येत नाही. या उत्तराला बळ नाही असे नाही. वर्गणी ठरलेली आणि देणे वाढते, तर निधी आटणारच. पण वर्गणीची मर्यादा कोणी ठरविली? ६,५०० वर वर्षानुवर्षे ती गोठवून कोणी ठेवली? कामगाराने नव्हे.

निधीची भिंत मध्यंतरी सरकारी कचेरीतही शिरली. केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. वर्गणी, बाजार आणि नशीब. त्यात महागाईचा उल्लेखच नव्हता. मार्च २०२३ मध्ये राज्याच्या कर्मचाऱ्यांनी १४ ते २० तारखेपर्यंत संप केला तो यावर. वर्षभराने राज्याने, आणि एप्रिल २०२५ पासून केंद्राने, वेतनाच्या निम्म्याची हमी, त्यावर महागाई, आणि मागे राहिलेल्या जोडीदारास त्याच्या साठ टक्के असा पर्याय मान्य केला. निधीच्या योजनेला महागाई जोडता येते, हे यावरून सिद्ध झाले. १९७७ प्रमाणेच येथेही ती नोकरीत असलेल्यांनी मिळविली, उद्याच्या आपल्या म्हातारपणासाठी. बुलढाण्याच्या मांडवात बसलेल्यांचे म्हातारपण आजच चालू आहे, आणि त्यांचा हजार रुपये हा आकडा १ सप्टेंबर २०१४ चाच आहे.